वीस थाऊंचा प्रश्न

जुन्या इंग्लिश दुनळी बंदुकांच्या लिलावाच्या याद्या वाचायला मोठी मजा येते. कारागिराचे नाव, बनावटीचे साल, दस्त्याच्या अक्रोडाचा पोत, लोखंडावरचे कोरीवकाम, सोबतची चामडी पेटी, सगळ्याचे रसभरित वर्णन असते. मग अगदी शेवटी, जणू आठवले म्हणून, दोन कोरडे आकडे येतात: उजव्या नळीची भिंत कमीत कमी २४, डावीची १८. त्या दोन आकड्यांवर बंदुकीची किंमत निम्म्यावर येऊ शकते.

हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत असतात. आपल्याकडे लेथवर काम करणारा कारागीर त्यालाच थाऊ म्हणतो. २० थाऊ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी भरते. नळीच्या आतून तापलेला वायू आणि औंसभर छर्रे ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जात असतात, आणि त्याच नळीला खालून डाव्या हाताच्या पंजाचा आधार दिलेला असतो. मग जुन्या बंदुकीत ही भिंत किती जाड असली म्हणजे बार काढायला हरकत नाही?

या प्रश्नाला बाजारात एक तयार उत्तर आहे: २० थाऊ. त्याच्या वर असली तर बंदूक चांगली, खाली गेली तर भिंतीवर टांगायची. उत्तर सोपे आहे, लक्षात राहते, आणि त्यावर विसंबून राहिले तर दोन्ही बाजूंनी फसायला होते. चांगली बंदूक टाकून दिली जाते आणि धोक्याची बंदूक खांद्याला लागते.

मुळात इतकी पातळ नळी करायचीच कशाला, हे आधी पाहू. बंदूक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जाडजूड लोखंड येते. पण छऱ्यांची बंदूक रायफलीसारखी स्थिर धरून नेम साधायची नसते. उडत्या पक्ष्याच्या पुढे झुलवत न्यायची असते. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये हाकाऱ्यांनी उठवलेल्या फेजंटांवर एका दिवसात शेकडो बार काढायची पद्धत रूढ झाली, तेव्हा सहा-साडेसहा पौंडांची, दोन्ही हातांच्या मधोमध तोल साधणारी १२ बोअरची दुनळी हा कारागिरीचा कळस ठरला. वजन काढायचे ते नळ्यांतूनच, आणि तेही पुढच्या निम्म्या भागातून, कारण तिथले थोडेसे वजनसुद्धा हाताला फार जाणवते. त्यामुळे चांगल्या नळीची बाहेरची रेषा सरळ उतरती नसते. चेंबरभोवती ती भरभक्कम असते, मग झपाट्याने निमुळती होते, मधला मोठा पट्टा अगदी पातळ जातो, आणि तोंडाशी चोक असेल तर आतला व्यास लहान झाल्यामुळे भिंत पुन्हा थोडी जाड होते. नव्या कोऱ्या उत्तम बंदुकीतही त्या मधल्या पट्ट्यात २५ ते ३० थाऊच पोलाद असायचे. पातळ भिंत हा दोष नव्हता. त्यासाठीच तर गिऱ्हाईक पैसे मोजत होते.

आता आतल्या दाबाकडे वळू. काडतुसातली दारू पेटली की दाब चेंबरमध्येच, फार तर पहिल्या एक-दोन इंचांत, शिखर गाठतो. १२ बोअरच्या साध्या काडतुसात हे शिखर चौरस इंचाला आठ ते अकरा हजार पौंडांच्या दरम्यान असते. तिथून छर्रे पुढे सरकतात, वायूला पसरायला जागा मिळते आणि दाब कोसळतो. नऊ इंचांवर तो शिखराच्या पाव हिश्श्याच्या आसपास येतो, आणि नळीच्या तोंडाशी हजार पौंडांच्याही खाली. नळीची बाहेरची रेषा जुन्या कारागिरांनी अनुभवाने घडवली, आणि ती या दाबाच्या रेषेशी चांगलीच जुळते.

याचे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. नळीच्या भिंतीवर आडवा ताण किती येतो ते काढायचे असेल तर दाबाला आतल्या व्यासाने गुणायचे आणि भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागायचे. १२ बोअरच्या चेंबरचा आतला व्यास ०.८० इंच धरू, भिंत १०० थाऊ आणि दाब १०,००० पौंड. ताण आला चौरस इंचाला ४०,००० पौंड. आता नऊ इंच पुढे जाऊ. व्यास ०.७२९ इंच, दाब २,५०० पौंड, भिंत २५ थाऊ. ताण आला साधारण ३६,५००. एकीकडे भरभक्कम वाटणारी भिंत, दुसरीकडे तिच्या चौथ्या हिश्श्याची, आणि दोघींवरचा भार जवळजवळ सारखाच. आणखी पुढे, बावीस इंचांवर, दाब १,००० पौंड आणि भिंत २० थाऊ धरली, तर ताण १८,००० च्या आसपास, म्हणजे आधीच्या निम्माच. हे ढोबळ गणित आहे. जाड भिंतीत ताण आतून बाहेर सारखा नसतो; आतल्या पृष्ठभागावर तो या हिशोबापेक्षा थोडा जास्तच भरतो. पण मुद्दा त्याने बदलत नाही. २० थाऊ बावीस इंचांवर पुष्कळ होतात, नऊ इंचांवर धोक्याचे ठरतात, आणि चेंबरच्या पुढे २० थाऊ म्हणजे नळी शिल्लकच नाही असे समजावे. जागा सांगितल्याशिवाय जाडी सांगणे निरर्थक आहे.

त्याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती लिलावाच्या याद्यांत कधीच दिसत नाही. ताण व्यासाच्या प्रमाणात वाढतो. २८ बोअरच्या नळीचा आतला व्यास ०.५५० इंच असतो. तेवढ्याच दाबाला तिची २० थाऊंची भिंत १२ बोअरच्या २६-२७ थाऊंच्या बरोबरीची ठरते. सगळ्या बोअरना एकच फूटपट्टी लावणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडून फक्त तेल घ्यावे.

मग २० हा आकडा आला कुठून? कायद्यातून तर नाही. इंग्लंडमध्ये बंदुकीच्या नळ्यांची सक्तीची तपासणी ही फार जुनी गोष्ट आहे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. १८६८ च्या कायद्यानुसार प्रूफचा शिक्का नसलेली किंवा प्रूफमधून बाहेर गेलेली बंदूक विकणे तिथे गुन्हा आहे. पण त्या नियमांत भिंतीची किमान जाडी ठरवून दिलेली नाही. तिथे नळी मोजून नव्हे, भार देऊन पारखली जाते. नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देणारे काडतूस भरून बार काढायचा. नळी फुगली नाही, सांधा ढिला झाला नाही, तर शिक्का मारायचा. २० थाऊ ही व्यापाऱ्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी अनुभवाने मानलेली रेघ आहे. आणि तिच्यामागचे खरे कारण दाबापेक्षा पोचे हे आहे. २० थाऊंच्या खाली गेलेली नळी बार सहन करते, पण मोटारीच्या दारावर आपटली, कुंपण ओलांडताना दगडाला लागली की लगेच पोचते. आतल्या बाजूला आलेल्या पोच्यावरून छर्रे आणि बूच घासत जातात, तिथे धक्का बसतो, आणि नळी फुगायची असेल तर त्याच ठिकाणी फुगते. पोचा काढायचा तर आतून आधार देऊन बाहेरून ठोकावे लागते, मग घासावे लागते, आणि घासायला तिथे धातू उरलेला नसतो. म्हणजे २० थाऊ ही नळी फुटण्याची हद्द नव्हे, दुरुस्ती परवडण्याची हद्द आहे.

प्रूफचे शिक्के मात्र वाचायला शिकले पाहिजेत, कारण भिंतीच्या इतिहासातला एक हिस्सा त्यांच्यात लिहिलेला असतो. बंदूक मोडून नळ्या वेगळ्या केल्या की चेंबरच्या खालच्या सपाट भागावर ते दिसतात. १८८७ नंतरच्या बऱ्याच इंग्लिश बंदुकांवर १२, १३/१ किंवा १३ असा आकडा सापडतो. हा आतल्या व्यासाचा आकडा. १३ म्हणजे ०.७१०, १३/१ म्हणजे ०.७१९, १२ म्हणजे ०.७२९, १२/१ म्हणजे ०.७४० इंच. मोजायची जागाही ठरलेली: मागच्या टोकापासून नऊ इंच. १३/१ शिक्का असलेल्या नळीत आज तिथे ०.७२९ ची मापकांडी जात असेल, तर आतून एवढा धातू निघून गेला आहे की बंदूक प्रूफबाहेर गेली. १९५४ च्या नियमांनंतर व्यास थेट दशांशात लिहू लागले आणि १० थाऊंची वाढ ही मर्यादा झाली.

पण या पद्धतीत दोन मोठी भोके आहेत. १२ शिक्क्याची नळी नवी असताना ०.७२९ असू शकते किंवा ०.७३८ सुद्धा. आज ती ०.७३८ भरली तर तिच्यातून नऊ थाऊ घासले गेले की एकही नाही, हे शिक्क्यावरून कळत नाही. आणि दुसरे भोक पहिल्यापेक्षा मोठे. शिक्का आतल्या व्यासावर नजर ठेवतो. बाहेरून कानस मारली तर त्याला पत्ता लागत नाही. नळ्या नव्याने काळ्या करताना कारागीर आधी जुने ओरखडे आणि गंज घासून काढतो. दर वीस-पंचवीस वर्षांनी एकदा, असे तीन-चारदा झाले की बाहेरून बरेच थाऊ निघून जातात. बंदूक दिसायला नवी होत जाते आणि भिंत पातळ होत जाते. आतला व्यास जसाच्या तसा, त्यामुळे कायद्याने ती पूर्ण प्रूफमध्ये. उलट, आतून घासल्यामुळे प्रूफबाहेर गेलेल्या एखाद्या वजनदार बंदुकीची भिंत अजून ३५ थाऊ असू शकते. 'प्रूफमध्ये आहे' आणि 'भिंत पुरेशी आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि बहुतेक फसवणूक या दोन विधानांच्या मधल्या फटीत होते.

आतून धातू जातो त्याचे कारण बहुधा एकच: गंज. काळ्या दारूचा गाळ हवेतला ओलावा शोषतो, आणि जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचे. ते जळून मागे उरणारे क्षार मिठाच्याच जातीचे. संध्याकाळी नळी पुसली नाही तर सकाळी गंज धरलेला. मग पोलादात बारीक खड्डे पडतात आणि ते घालवायला कोणीतरी नळी आतून घासून चकचकीत करतो. आरशासारखी चमकणारी जुनी नळी पाहून नवखा खूश होतो. जाणकार गेज काढतो. न घासलेला खड्डाही हिशोबात धरावा लागतो. २५ थाऊंच्या भिंतीत पाच थाऊंचा खड्डा असेल तर तिथे भिंत २० थाऊंचीच आहे. शिवाय खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, म्हणून वजाबाकीत दिसते त्यापेक्षा नुकसान थोडे जास्तच.

मोजायचे कसे? बाहेरचा व्यास मोजून त्यातून आतला वजा करायचा आणि दोनाने भागायचे, ही पहिली सुचणारी युक्ती. ती चुकीची आहे, कारण तिच्यात सरासरी मिळते आणि नळी सरासरीवर फुटत नाही. हाताने पाडलेले लांब भोक बाहेरच्या गोलाईशी नेहमीच समकेंद्री नसते. एका बाजूला ३१ थाऊ, समोरच्या बाजूला १९, आणि सरासरी २५, असे चांगल्या नावाच्या बंदुकीतही सापडते. म्हणून भिंतीचे वेगळे गेज लागते. एका जड बैठकीवर उभी लांब सळई, तिच्या टोकाला गोल मणी, आणि सळईला समांतर हातावर डायल इंडिकेटर. मणी आणि डायलचे टोक एकमेकांना टेकवून शून्य लावायचे, मग नळी सळईवर सरकवून भिंत त्या दोघांच्या मधे आणायची. इंचाइंचाला थांबून नळी हळूहळू फिरवायची आणि सुई कुठे सर्वांत खाली येते ते लिहून घ्यायचे. दोन नळ्यांसाठी हे काम नीट करायला तासभर सहज लागतो. पाच मिनिटांत मोजून दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

एवढे करूनही नळीचा एक पट्टा राहूनच जातो. दुनळीच्या दोन्ही नळ्या वर-खाली पट्ट्या लावून डाखाने जोडलेल्या असतात, त्यामुळे नळ्यांच्या आतल्या, एकमेकींकडे असलेल्या बाजूंपर्यंत गेजचे टोक पोचत नाही. तिथल्या जाडीचा अंदाज बाकीच्या गोलाईवरून बांधावा लागतो: दिसणाऱ्या भागात भिंत एका दिशेला जाड होत चालली असेल तर लपलेल्या बाजूला ती पातळ असण्याची शंका घ्यावी. पट्टीचा डाख कुठे सुटला असेल तर आत पाणी शिरून बाहेरून गंज चढतो, तोही दिसत नाही. नळ्या बोटावर टांगून टिचकी मारायची आणि घंटेसारखा नाद येतो का ते ऐकायचे, ही जुनी परीक्षा याच्यासाठी आहे. बद्द आवाज आला तर डाख सुटला आहे. नाद छान आला म्हणजे भिंत जाड आहे असे मात्र काही सिद्ध होत नाही, कितीही आत्मविश्वासाने कोणी तसे सांगितले तरी.

आता समजा टेबलावर दोन बंदुका आहेत.

पहिलीवर १३/१ चा शिक्का. नऊ इंचांवर आतला व्यास आज ०.७२६. चेंबरच्या पुढच्या टोकाशी भिंत ११५ थाऊ, नऊ इंचांवर कमीत कमी ३२, आणि वीस इंचांवर डाव्या नळीत एका बाजूला १९, विरुद्ध बाजूला ३१. बाजारातल्या नियमाने ही नापास, कारण १९. पण आकडे काय सांगतात ते पाहा. व्यास शिक्क्यापेक्षा फार तर सात थाऊंनी वाढला, म्हणजे आतून एका बाजूला जास्तीत जास्त साडेतीन थाऊ गेले. वीस इंचांवर सरासरी २५ आहे, ती मूळच्या हलक्या बंदुकीची असावी तेवढीच. १९ आणि ३१ हा फरक घासण्याने आलेला नाही. भोक सहा थाऊ बाजूला सरकलेले आहे, आणि तसे ते पहिल्या दिवसापासून असावे. दाब जिथे जास्त तिथे भिंत भरपूर, आणि जिथे पातळ तिथे दाब उरलेला नाही. मी या बंदुकीला हलक्या काडतुसांसाठी अनुकूल कौल देईन. फक्त ती पेटीतून काढता-ठेवताना जपावे लागेल, आणि त्या पातळ बाजूला कधी पोचा पडला तर तिचे आयुष्य संपले असे समजावे लागेल.

दुसरीवर १२ चा शिक्का, आतला व्यास ०.७३१, आतून लखलखीत. नऊ इंचांपासून चोकपर्यंत भिंत कुठेही ३० च्या खाली नाही. यादीत ही बंदूक दिमाखाने झळकेल. पण चेंबर मोजले तर पावणेतीन इंच भरते, आणि शिक्के अडीच इंची चेंबरच्या काळातले, म्हणजे लांबी मागाहून वाढवली आहे. चेंबर लांब करायचे म्हणजे त्याच्या पुढचा निमुळता भाग खरवडून मोठा करायचा, आणि तोही दाब शिखराला लागूनच असतो अशा जागी. तिथे भिंत मोजली तर ८० थाऊ निघते. वरच्याच सूत्राने १०,००० पौंडांच्या दाबाला ताण ५०,००० च्या जवळ जातो. पुन्हा प्रूफ केल्याचा शिक्का नाही. पातळ जागा नळीच्या मध्यात शोधायची सवय असलेल्या माणसाच्या हातून ही बंदूक बिनबोभाट पास होते. दोघींपैकी मला भीती हिची वाटते.

अडीच आणि पावणेतीन इंचांचा हा घोळ आणखी एका वाटेने येतो. काडतुसाची लांबी म्हणून जी सांगतात ती उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या टरफलाची. त्यामुळे दुमडलेल्या तोंडाचे पावणेतीन इंची काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये सुरळीत बसते, बंदूक बंद होते, आणि बार काढला की तोंड निमुळत्या भागात उघडून वाट आवळते. 'बसले म्हणजे चालते' हा समज इथे खोटा ठरतो. हे एक कारण झाले. आजचे पावणेतीन इंची काडतूस जास्त दाबाच्या बंदुकांसाठी भरलेले असते, हे दुसरे, आणि बहुधा जास्त महत्त्वाचे.

यावर तोडगा म्हणून 'कमी दाबाची काडतुसे' सुचवली जातात. सल्ला चांगला आहे, पण त्याची हद्द कोणी सांगत नाही. कमी दाब म्हणजे शिखराचा दाब कमी. तेवढ्याच छऱ्यांना तेवढाच वेग द्यायचा असेल तर तेवढीच ऊर्जा लागणार. सावकाश जळणारी दारू शिखर बुटके करते आणि दाब पुढे लांबवर टिकवते. चेंबरला आराम मिळतो, नळीच्या मधल्या पातळ पट्ट्याला मिळत नाही, उलट तिथे दाब थोडा वाढूही शकतो. पातळ मध्याची काळजी असेल तर छर्रे कमी आणि वेग कमी, हाच उपाय. सव्वा औंसाऐवजी पाऊण औंस भरले तर खांद्यालाही बरे वाटते.

धातूचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण लोक तो सर्वांत आधी विचारतात. जुन्या नळ्यांवर पाण्यासारखी नागमोडी नक्षी दिसते, ती लोखंडाच्या आणि पोलादाच्या सळ्या पिळून, तापवून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केल्याने आलेली असते. यांना दमास्कस नळ्या म्हणतात. बेल्जियममध्ये लीएजच्या परिसरात आणि बर्मिंगहॅममध्ये या घडत. आधुनिक दारूला त्या टिकत नाहीत, असे अमेरिकेत तर काडतुसांच्या खोक्यांवरच छापले जाई. पण १८९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसच्या चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा वाढत्या भारांनी नळ्या फोडून पाहिल्यावर पहिला क्रमांक तीन सळ्यांच्या, गुंडाळून घडवलेल्या इंग्लिश लॅमिनेटेड पोलादाच्या नळीला मिळाला होता; सलग पोलादाच्या नळ्या तिच्या मागे होत्या. पुढे धूरविरहित दारूसाठी प्रूफ झालेल्या दमास्कस नळ्याही पुष्कळ आहेत. तरी एक फरक राहतो. सलग पोलादात खड्डा म्हणजे फक्त खड्डा; गुंडाळलेल्या नळीत तो नेमका सळ्यांच्या सांध्यावर असेल तर गंज सांध्याच्या आत शिरत जातो आणि किती खोल गेला हे गेज सांगू शकत नाही. म्हणून दमास्कस नळीच्या बाबतीत जाडीबरोबर आतल्या पृष्ठभागाकडेही तितकेच पाहावे.

अमेरिकन बंदुकांची गोष्ट आणखी वेगळी. पार्कर, एल. सी. स्मिथ, फॉक्स, इथाका यांच्या सुंदर दुनळ्या आहेत, पण त्या देशात सरकारी प्रूफ हाउस कधी नव्हते. काय दाबाला पारखल्या ते कारखान्यालाच ठाऊक. तिथल्या बंदुकीवर मूळ व्यासाचा दाखलाही बहुधा नसतो, त्यामुळे तिथे गेज हाच एकमेव साक्षीदार. इंग्लिश शिक्क्यांतले आकडेही जपून वाचावेत. १९५४ नंतरच्या बंदुकांवर 'चौरस इंचाला ३ टन' असे दिसते. ३ टनांचे ६,७२० पौंड होतात म्हणून कोणी आजच्या काडतुसाचा दाब त्याच्याशी ताडून पाहतो आणि घाबरतो. पण ते टन धातूची गोळी दाबून मोजलेले. आजचे आकडे विद्युत संवेदकाने मोजलेले असतात आणि त्याच काडतुसासाठी ते बरेच जास्त येतात.

आता एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. नळ्या फुटल्याच्या ज्या घटना तपासल्या जातात, त्यांत निव्वळ पातळ भिंतीचा दोष क्वचितच निघतो. बहुतेक वेळा नळीत काहीतरी अडकलेले असते: आधीच्या कमजोर बाराचे बूच, तोंडाशी चिखल किंवा बर्फ, साफसफाईचे फडके. सर्वांत कुप्रसिद्ध प्रकार म्हणजे २० बोअरचे काडतूस. ते १२ बोअरच्या चेंबरमध्ये घसरत पुढे जाते आणि निमुळत्या भागात अडकते. मागून पाहिले तर चेंबर रिकामे दिसते, त्यात १२ बोअरचे काडतूस आरामात बसते, आणि मग १०० थाऊंची भिंतसुद्धा उघडते. २० बोअरची काडतुसे आज पिवळी असतात ती याचसाठी. अशा अडथळ्यापुढे २० काय आणि ३० काय. पण ज्या नळीत धातूचा पुरेसा साठा आहे ती लहानशा अडथळ्याला कड्यासारखा फुगवटा येऊन वाचते, आणि जिच्यात तो नाही ती फाटते. उजेडाकडे धरून आत पाहिले की असा फुगवटा काळ्या वर्तुळासारखा दिसतो. तो दिसला तर गेज काढण्याचीही गरज नाही.

हे सगळे आपल्याकडेही लागू पडते. मुंबईच्या काळा घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून किंवा कलकत्त्याच्या मँटनकडून आलेल्या दुनळ्या आजही घराघरांत वारसा परवान्यावर आहेत. पट्टीवर नाव हिंदुस्थानातल्या दुकानाचे असले तरी नळ्या उलटून पाहिल्या की बहुधा बर्मिंगहॅमचे शिक्के सापडतात, म्हणजे वरचा सगळा हिशोब त्यांना तसाच मांडता येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि कोकणात शेती संरक्षणासाठी असलेल्या बंदुका सोडल्या तर बाकीच्या बहुतेक कपाटात पडून राहिल्या. पडून राहणे नळीला सोसत नाही. चामड्याच्या पेटीत ठेवलेली बंदूक कोरड्या जागी असल्यासारखी वाटते, पण चामडे दमट हवेतला ओलावा धरून ठेवते आणि गंज जिथे नळी चामड्याला टेकते तिथूनच सुरू होतो. वीस पावसाळे पेटीत काढलेल्या दुनळीत थेट खडकीच्या कारखान्याचे 'शक्तिमान' काडतूस घालण्याआधी डब्यावरची लांबी आणि चेंबरची लांबी ताडून पाहावी, आणि नळ्या जाणत्या माणसाला दाखवाव्यात. कारखान्यातले साधे व्हर्नियर कॅलिपर या कामाला पुरत नाही, ते फक्त तोंडाची जाडी सांगते.

आणि नळी खरोखरच संपली असेल तर? इंग्लंडमध्ये यावर एक जुना उपाय आहे. मागचा, चेंबरचा तीनेक इंचांचा भाग मूळचाच ठेवायचा, पुढच्या नळ्या कापून टाकायच्या, आणि मागच्या भागात पोखरून नवीन पोलादाच्या नळ्या बसवायच्या. सांधा इतका बारीक येतो की काळी झिलई चढल्यावर दिसत नाही. म्हणून तिथला नियम असा की अशी बंदूक पुन्हा प्रूफ झाली पाहिजे आणि नळ्या बदलल्याचा शब्द तिच्यावर ठळक कोरला गेला पाहिजे. संग्राहक त्या शब्दापुढे नाक मुरडतात आणि किंमत पाडून मागतात. ज्याला बंदूक वापरायची आहे त्याच्यासाठी, माझ्या मते, जुन्या दुनळ्यांच्या बाजारातला हा सर्वांत चांगला सौदा असतो: जुन्या कारागिराची कुलपे आणि दस्ता, आणि पुढे तीस थाऊंच्या नव्या भिंती, ज्यांचा दाखला शिक्क्यात आहे.